शर्यतीसाठी जुनी मोटार निवडताना: मुंबई १९६८, कुर्ल्याची फियाट आणि कागदाचा पुरावा

डिसेंबर १९६८चा पहिला आठवडा. मुंबई बंदरात ‘चुसान’ नावाच्या प्रवासी जहाजावर बहात्तर मोटारी चढविल्या जात होत्या. चिखलाने माखलेल्या, दिवे फुटलेल्या, दारे चेमटलेल्या. या मोटारी २४ नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून निघाल्या होत्या आणि तेहरान, काबूल, दिल्ली असा मार्ग कापून मुंबईस पोहोचल्या होत्या. निघताना त्या अठ्ठ्याण्णव होत्या. आता समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल गाठायचे आणि तेथून पुन्हा रस्त्याने सिडनी. ‘लंडन-सिडनी मॅरेथॉन’ म्हणून ही स्पर्धा इतिहासात ओळखली जाते. ‘डेली एक्सप्रेस’ या वृत्तपत्राने विजेत्यासाठी दहा हजार पौंडांचे बक्षीस ठेवले होते.

मुंबईत गुणतक्ता लागला तेव्हा सर्वांच्या पुढे रॉजर क्लार्क आणि ओव्हे अँडरसन यांची लोटस कॉर्टिना होती. सोळाशे सीसीच्या आतले, दोन कॅमशाफ्टचे इंजिन. त्या काळातील सर्वांत वेगवान बंद मोटारींपैकी एक. अँड्र्यू कोवान, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉयल यांची हिलमन हंटर पहिल्या तिघांतही नव्हती. हंटर म्हणजे १७२५ सीसीची एक साधी कौटुंबिक मोटार. कारखान्याबाहेर कोणी तिच्यावर पैज लावली असती असे वाटत नाही.

ऑस्ट्रेलियात चित्र पालटले. क्लार्कच्या इंजिनाने दगा दिला. संघातील दुसऱ्या कॉर्टिनाचे सिलिंडर हेड काढून त्याच्या गाडीवर बसवावे लागले. पुढे डिफरन्शियल मोडले, तेव्हा वाटेत भेटलेल्या एका साध्या कॉर्टिनाच्या मालकाची मनधरणी करून त्याच्याच गाडीचा मागचा आस मिळविण्यात आला. यात गेलेला वेळ भरून निघाला नाही आणि क्लार्क दहाव्या क्रमांकावर फेकला गेला. त्यानंतर आघाडीवर आलेली ल्यूसियाँ बियांकीची सिट्रोएन डीएस २१ सिडनी जवळ आलेले असताना समोरून येणाऱ्या मिनीवर आदळली. पॅडी हॉपकर्क आपली शर्यत सोडून मदतीसाठी मागे वळला, तरी दुसरा आला. पहिली आली हिलमन हंटर.

आजचा धागा या निकालातून उपजणाऱ्या एका प्रश्नाचा आहे. समजा, आज कोणी साठच्या दशकातील बंद मोटार घेऊन ऐतिहासिक मोटारींच्या शर्यतीत उतरू इच्छितो. त्याने कोणती गाडी निवडावी? सर्वांत वेगवान कॉर्टिना, की शेवटपर्यंत टिकलेली हंटर? आणि आपल्या कुर्ल्यात तयार झालेल्या फियाटला या यादीत जागा आहे का? प्रश्न यंत्रांचा दिसतो, परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण साधनचिकित्सेच्या अंगणात येतो. म्हणूनच तो इतिहासाच्या या मालिकेत घेत आहे.

आधी शब्द स्पष्ट करू. ‘टूरिंग कार’ म्हणजे चार माणसे बसतील अशी, बाजारात सामान्य ग्राहकाला विकली जाणारी बंद मोटार. शर्यतीसाठी मुद्दाम घडविलेल्या एकेरी आसनाच्या गाडीहून ती वेगळी. ग्राहकाच्या गाडीसारखीच गाडी शर्यतीत धावते, हेच तिचे आकर्षण. पण कारखानदार ‘ग्राहकाची गाडी’ म्हणून शर्यतीचे यंत्र खपवू लागले तर? तो मार्ग बंद करण्यासाठी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, होमोलोगेशनची पद्धत रूढ केली. ठरावीक संख्येने गाड्या बनविल्याचे दाखवायचे आणि त्या नमुन्याचा तपशील एका नोंदपत्रात नमूद करायचा: वजन, इंजिनाची मापे, कार्बोरेटर, ब्रेक, गिअरची प्रमाणे. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात ही संख्या टूरिंग मोटारींसाठी वर्षाला एक हजार होती. लोटस कॉर्टिना १९६३ मध्ये जन्मली ती या हजारच्या अटीपोटी. फोर्डला तिच्या विक्रीतून मिळणाऱ्या पैशापेक्षा शर्यतीतील परवान्याची निकड अधिक होती. १९६४ मध्ये जिम क्लार्कने याच गाडीवर ब्रिटिश सलून कार स्पर्धा जिंकली.

नोंदपत्रात जे आहे ते गाडीवर चालते. जे नाही ते चालत नाही. हा एक नियम ध्यानात ठेवला की पुढचे सारे उलगडते.

कारखानदार नोंदपत्र डोळ्यांसमोर ठेवूनच इंजिने आखत असत, याचा सुंदर पुरावा मिनी कूपर एसमध्ये सापडतो. त्या काळी शर्यतीचे गट इंजिनाच्या क्षमतेनुसार पडत: एक हजार सीसीपर्यंत, अकराशे पन्नासपर्यंत, तेराशेपर्यंत, सोळाशेपर्यंत, दोन हजारपर्यंत. आणि मिनी कूपर एस कोणत्या इंजिनांत मिळत होती? ९७०, १०७१ आणि १२७५ सीसी. प्रत्येक आकडा एका मर्यादेच्या अलीकडे येऊन थांबलेला. अल्फा रोमिओनेही १५७० सीसीच्या जीटीएपाठोपाठ १९६८ मध्ये तेराशेच्या गटासाठी छोटी जीटीए काढली.

विदर्भातल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. शंकरपटाच्या दाणीवर नुसता ‘बैल पळतो’ एवढ्यावर जोडी घेणारा माणूस घरी रिकाम्या हाताने परततो. जोडी कोणत्या गटात उतरणार, समोर कोण आहे, दाण कशी आहे आणि दुसरा बैल याच्या जोडीने पळेल का, हे पाहून जाणता माणूस सौदा करतो. उमरखेड-पुसदकडचे म्हातारे शौकीन बैलाचे खूर, खांदा आणि चाल जितक्या बारकाईने न्याहाळतात, तितक्याच बारकाईने युरोपातला शर्यतवीर नोंदपत्रातले गिअरचे आकडे न्याहाळतो.

आता ‘ऐतिहासिक शर्यत’ या प्रकाराकडे वळू. जुन्या गाड्यांच्या या शर्यतींसाठी एफआयएची एक नियमावली आहे. ती ‘अपेंडिक्स के’ या नावाने ओळखली जाते. तीत इतिहासाचे कालखंड पाडून त्यांना रोमन अक्षरे दिली आहेत. १९४७ ते १९६१ हा ‘ई’, १९६२ ते १९६५ हा ‘एफ’, १९६६ ते १९६९ हा ‘जी १’, आणि असेच पुढे. आपण शिलालेखांना यादवकाळ, बहमनीकाळ अशी लेबले लावतो, तसेच काहीसे. प्रत्येक गाडीला ‘हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट’ नावाचे ओळखपत्र काढावे लागते आणि त्यासाठी सिद्ध करावे लागते की गाडीचा प्रत्येक महत्त्वाचा भाग त्या कालखंडात त्या नमुन्यावर खरोखर वापरला गेला होता. पुरावा म्हणून मूळ नोंदपत्र, कारखान्याची कागदपत्रे, समकालीन नियतकालिके आणि छायाचित्रे मांडता येतात.

याच नियमावलीतील एक कलम मला फार विचारप्रवर्तक वाटते. गाडीचा काळ तिच्या बांधणीच्या तारखेवरूनच ठरतो असे नाही. तो तिच्या तपशिलावरून ठरतो. १९६३ची मोटार १९६८चे सुटे भाग लावून धावत असेल, तर ती १९६८च्या कालखंडात गणली जाईल. हस्तलिखिताचा कागद शिवकालीन, पण मजकूर पेशवाईतला असेल तर इतिहासकार त्याला कोणत्या काळात ठेवेल? उत्तर तेच आहे.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखरींपेक्षा अस्सल कागदांना जे वजन दिले, तेच वजन इथे नोंदपत्राला आहे. मोटारींच्या जगातही बखरी आहेत. “ही गाडी अमक्या राजेसाहेबांनी पळवली होती”, “हिला कारखान्यानेच खास इंजिन दिले होते”, “माझ्या आजोबांनी स्वतः पाहिले आहे”. गोष्ट रसाळ असते, कधी खरीही असते. पण तांत्रिक अधिकारी विचारतो, कागद कुठे आहे? आणि जेथे कागदाला मोल असते, तेथे बनावट कागदही येतोच. साध्या कॉर्टिनाला लोटसचे इंजिन लावून ‘अस्सल’ म्हणून विकणे, किंवा पोलादी पत्र्याच्या अल्फावर ॲल्युमिनियमचा साज चढवून तिला जीटीए म्हणविणे, हे उद्योग युरोपात वर्षानुवर्षे चालत आले आहेत. चॅसिस क्रमांक आणि कारखान्याच्या नोंदी जुळवून पाहणारे लोक तिकडे आपल्या मोडीच्या जाणकारांइतकेच मानाचे असतात.

निवडीचा प्रश्न या प्रकाशात पाहिला की काही गोष्टी चटकन स्पष्ट होतात. उदाहरणार्थ, लोटस कॉर्टिना घ्यायचीच, तर कोणत्या सालची? आरंभीच्या गाड्यांत मागचा आस कॉइल स्प्रिंगवर, एका त्रिकोणी आधाराने धरलेला होता. कागदावर ही रचना उत्कृष्ट. प्रत्यक्षात डिफरन्शियलचे बोल्ट ढिले पडून तेल गळे. १९६५ मध्ये फोर्डने तिच्या जागी साधे कमानपाटे बसविले. कमानपाटे म्हणजे बैलगाडीच्या काळातले तंत्र, असे नाक मुरडणारे पुष्कळ असतात, पण शर्यत संपविण्यासाठी तेच उपयोगी पडले. म्हणजे एकाच नावाच्या दोन गाड्यांत जिंकण्याची शक्यता वेगळी आणि पुराव्याचा कालखंडही निरखून पाहावा लागणारा. १९६३ मध्ये सिल्व्हरस्टोनला जॅक सिअर्सने सात लिटरची अवाढव्य फोर्ड गॅलेक्सी पळवून जॅग्वारांना मागे टाकले, हेही खरे. तथापि आज तशी गाडी बाळगायची तर टायर, ब्रेक आणि पेट्रोल यांच्या खर्चाने मालकाचे कंबरडे मोडेल. माझे मत विचाराल, तर नवख्याने लहान गटातील गाडी घ्यावी. हजार सीसीच्या गटात पहिल्या तिघांत येणे हे दोन हजारच्या गटात चौदावे येण्यापेक्षा समाधानाचे आणि स्वस्त.

आता आपल्या अंगणात येऊ.

सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. प्रथम अमेरिकन क्रायस्लर घराण्याच्या, मग इटलीच्या फियाटच्या. १९५३ मध्ये सरकारने नियम केला की ज्यांच्याकडे येथेच सुटे भाग घडविण्याची योजना आहे त्यांनीच मोटारी बनवाव्यात. नुसती जुळवणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी वर्षभरात गाशा गुंडाळला. शिवडीला १९२८ पासून चालणारा जनरल मोटर्सचा कारखाना त्यातच बंद झाला. परिणाम असा की पुढची तीस वर्षे भारतीय शर्यतवीरापुढे निवड उरली ती मुख्यतः तीन मोटारींची: कुर्ल्याची फियाट ११००, उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर आणि १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड.

शर्यती भरत त्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर. मद्रासजवळचे शोलावरम, कलकत्त्याजवळचे बराकपूर, मुंबईत जुहू. महायुद्धात बांधलेली शोलावरमची धावपट्टी तर कित्येक दशके भारतीय मोटारशर्यतींची पंढरी होती. गवताच्या पेंढ्या आणि पिंपे मांडून वळणे आखायची, सरळ पट्टीवर जीव खाऊन पळायचे आणि टोकाला करकचून ब्रेक दाबायचा. अशा मैदानावर तीन गाड्यांची पारख कशी करावी?

ॲम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या १४८९ सीसी इंजिनाचे घराणे मोठे. त्याच घराण्यातले, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन एमजीए या क्रीडामोटारीत होते. म्हणजे इंजिन सुधारण्याच्या युक्त्या ब्रिटनमध्ये तयार होत्या. पण वजन अकराशे किलोच्या पुढे, आणि गट कोणता? सोळाशेपर्यंतचा. त्या गटात आंतरराष्ट्रीय शर्यतीत समोर लोटस कॉर्टिना आणि अल्फा जीटीए उभ्या. तिथे ॲम्बेसेडर नेणे म्हणजे नांगराचा बैल पटात जुंपणे. लग्नाच्या वऱ्हाडासाठी तिच्यासारखी गाडी झाली नाही, हे मान्य.

हेराल्डचा डौल इटालियन रेखाटनकार मिकेलोत्ती याचा. ९४८ सीसी, हलकी, आणि स्वतंत्र चॅसिसवर बोल्टने जोडलेले अंग; त्यामुळे धडक बसली तर पत्रा उतरवून दुरुस्ती सोपी. अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळणारी. मात्र मागील चाकांचा स्विंग अ‍ॅक्सल हा तिचा शाप होता. वेगात वळताना चालकाने मध्येच ॲक्सिलरेटर सोडला, तर मागचे बाहेरचे चाक अंगाखाली दुमडू लागते आणि गाडी अचानक फिरते. वर हजार सीसीच्या गटात प्रतिस्पर्धी कोण, तर ९७०ची मिनी कूपर एस आणि आबार्थ १०००. दोन्ही जहाल.

राहता राहिली फियाट. १०८९ सीसी, म्हणजे अकराशे पन्नासच्या गटात चपखल. अंग आणि चॅसिस एकजीव असल्याने सांगाडा ताठ. वजन सुमारे नऊशे किलो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे कमानपाटे. आणि इंजिनाचा वंशवृक्ष पाहा. १९३७च्या फियाटपासून चालत आलेले हे इंजिन १९४६ मध्ये चिसितालियाने आपल्या छोट्या शर्यती गाडीत बसविले. पुढे अकराशे सीसीची ‘फॉर्म्युला ज्युनिअर’ स्पर्धा सुरू झाली, तेव्हा मोदेनाच्या स्तांग्वेल्लिनीने फियाट ११०० चेच इंजिन घेऊन आरंभीच्या शर्यती गाजविल्या. दादर स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या बॉनेटखाली या घराण्याचा दूरचा वंशज धडधडत असे, हे किती प्रवाशांना ठाऊक होते कोण जाणे.

तेव्हा तिघींपैकी निवड फियाटची, असे मी म्हणेन. पण लगेच अडचण उभी राहते आणि ती पुन्हा कागदाचीच आहे. इटलीत १९५३ मध्ये फियाटने ‘टीव्ही’, म्हणजे तुरिझ्मो व्हेलोचे, ही जोमदार आवृत्ती काढली होती. १९६६ मध्ये तिकडे आलेल्या ११०० आर या आवृत्तीला पुढे डिस्क ब्रेक मिळाले. कुर्ल्याला यांपैकी काहीच आले नाही. इटलीत ११०० डीचे इंजिन १२२१ सीसीचे झाले. आपल्याकडे १९६४ मध्ये तीच चेहरेपट्टी ‘डिलाइट’ म्हणून आली, पण इंजिन राहिले १०८९चे. पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ अशी नावे बदलली; चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, हे बराच काळ बदलले नाही.

मग पद्मिनीला डिस्क ब्रेक लावून युरोपात शर्यतीला न्यावी का? तांत्रिक अधिकारी विचारणार, पद्मिनीवर हे ब्रेक त्या काळी होते याचा पुरावा द्या. नाही. बरे, तिला ११०० आर म्हणून नोंदवावी? मग ती सर्वांगाने ११०० आर हवी. अर्धी कुर्ल्याची आणि अर्धी तोरिनोची चालणार नाही. शिवाय नियमावलीत त्या नमुन्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींतील इतिहासाला महत्त्व आहे, आणि पद्मिनीचा शर्यती इतिहास घडला तो आपल्याच धावपट्ट्यांवर. तो इतिहास खरा आहे. शोलावरमला लोकांनी फियाटवर जीव ओवाळून टाकला, रात्र रात्र जागून हेड घासले, कार्बोरेटर बदलले, आसने उपटून वजन उतरविले. परंतु त्यांतले कोणते बदल कोणत्या वर्षी झाले, कोणत्या गाडीवर झाले, याची नोंद बहुतांशी मिस्त्रींच्या स्मरणात राहिली. मिस्त्री गेले की नोंद गेली.

दुसरा पेच आपल्या कायद्याचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीस वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे. चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आता शर्यतीची बाजू पाहा. बहुतेक ऐतिहासिक शर्यतींत चालकाच्या सुरक्षेसाठी पोलादी नळ्यांचा रोल केज सांगाड्यात बसवावा लागतो. १९६४च्या डिलाइटमध्ये तो नव्हता. म्हणजे एका कागदासाठी गाडी जशी होती तशी ठेवायची आणि दुसऱ्यासाठी तिच्यात नळ्या वेल्ड करायच्या. मला विचाराल तर अव्वल, न उघडलेली, मूळ रंगाची डिलाइट शर्यतीसाठी कधीही कापू नये. गंजलेला, आतून उपसलेला, पण सांगाडा सरळ असलेला नग शोधावा आणि त्याच्यावर हौस भागवावी.

असे नग मात्र झपाट्याने संपत आहेत. कुर्ल्याचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे मथळे दिले. पण त्याआधीच हजारो गाड्या भंगारात जाऊन त्यांचे लोखंड झाले होते. गिअरबॉक्स, मागचे आस, स्टब अ‍ॅक्सल हे भाग ज्या टॅक्सींतून मिळत, तो साठाच आटला. लंडन-सिडनीच्या वाटेवर क्लार्कला मागचा आस मिळाला, कारण वाटेत साधी कॉर्टिना उभी होती. साध्या गाड्या रस्त्यावर असतात तोवरच शर्यतीच्या गाड्या जगतात.

हिलमन हंटरची पुढची कथाही यात जोडून वाचावी. ब्रिटनमध्ये ती बंद झाली, पण इराणमध्ये १९६७ पासून ‘पेकान’ नावाने बनत राहिली, थेट २००५ पर्यंत. जशी आपल्याकडे मॉरिस ऑक्सफर्ड ॲम्बेसेडर होऊन २०१४ पर्यंत जगली. १९९३ मध्ये लंडन-सिडनीची पंचवीस वर्षे साजरी करण्यासाठी जुन्या गाड्यांची स्पर्धा पुन्हा झाली, तेव्हा पहिली आली फ्रान्सिस टटहिल यांची पोर्श ९११. तोवर जुन्या पोर्श कसून तयार करणाऱ्या कार्यशाळा उभ्या राहिल्या होत्या आणि सुटे भाग मिळत होते.

नागपूर-तुळजापूर रस्त्यावरच्या आपल्या गावांत, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड, हदगाव, एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा जिनिंगच्या शेडमध्ये अजूनही ताडपत्रीखाली एखादी डिलाइट किंवा हेराल्ड उभी असू शकते. तशी दिसली तर पत्रा ठोकून पाहण्याआधी मालकाला आरसी बुक मागा. इंजिनावरचा आणि चॅसिसवरचा क्रमांक त्यातल्या क्रमांकाशी ताडून पाहा, आणि दोन्हींचे छायाचित्र घ्या. घरात जुहूच्या किंवा शोलावरमच्या शर्यतीचे छायाचित्र, प्रवेशपत्र, कार्यक्रमपत्रिका असेल, तर गाडीच्या नंबरप्लेटसह ते स्कॅन करून ठेवा, आणि त्यातली माणसे कोण ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच विचारून मागे पेन्सिलीने लिहा. शाईने लिहू नका, ती पुढच्या बाजूला उतरते.